दोन घराण्यांचे दिवे

मोटारीच्या मीटरवर इशाऱ्याचे जे लाल-पिवळे दिवे असतात, त्यांच्याकडे बघण्याच्या आपल्याकडे दोनच रीती आहेत. काही जणांना कुठलाही दिवा लागला की घाम फुटतो. समृद्धी महामार्गावर शेलूबाजारजवळ मीटरवर पिवळे इंजिन उजळले, की ते गाडी कडेला घेऊन टोइंगवाल्याला फोन लावतात. बाकीचे ‘सेन्सरचं काहीतरी असेल’ म्हणत तेलाचा लाल दिवा लागलेला असतानाही वाशिमपर्यंत गाडी दामटतात आणि इंजिन बसले की नशिबाला बोल लावतात. हे दोघे एकमेकांच्या अगदी उलट वागतात, पण चुकतात एकाच जागी. दोघेही सगळे दिवे एकाच कुळातले समजतात. माझे म्हणणे असे, की मीटरवर निदान दोन वेगळी घराणी शेजारी नांदतात. एक वाफेच्या इंजिनापासून चालत आलेले आहे आणि यंत्र व माणूस वाचवणे हे त्याचे काम आहे. दुसरे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियातल्या कायद्यातून जन्मले आणि त्याला तुमच्या इंजिनापेक्षा हवेची काळजी अधिक आहे. कुठल्या दिव्यावर थांबायचे आणि कुठल्यावर चालत राहायचे, हे गाडीच्या पुस्तिकेत असतेच. ते तसे का, याचे उत्तर पुस्तिकेत नसते. ते या दिव्यांच्या जन्मकथेत आहे.

जुन्या घराण्याचा मूळपुरुष शोधायचा तर कारंजा स्टेशनावरून जाणाऱ्या अरुंद रुळांची आठवण काढावी लागते. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गावरची ही गाडी, जिला सारा वऱ्हाड शकुंतला म्हणतो, १९२१ साली मँचेस्टरला बनलेल्या वाफेच्या इंजिनावर १९२३ पासून १९९४ च्या एप्रिलपर्यंत धावत होती. वाफेच्या इंजिनात भट्टीच्या छतावर सतत पाणी राहावे लागते. ते खाली उतरले तर छताचा पत्रा तापून मऊ पडतो आणि बॉयलर फुटतो. बॉयलर फुटण्याची भीती या यंत्राच्या जन्मापासूनची. १८०३ मध्ये लंडनजवळ ग्रिनिच येथे रिचर्ड ट्रेव्हिथिक यांचे एक इंजिन फुटून चार माणसे मेली. ज्या पोराच्या भरवशावर इंजिन सोडले होते, तो ईल मासे पकडायला गेला होता, असे सांगतात. त्यानंतर ट्रेव्हिथिक यांनी बॉयलरमध्ये शिशाचे बूच बसवायला सुरुवात केली. पाणी आहे तोवर शिसे घट्ट राही. पाणी उतरले की ते वितळे, भोक मोकळे होई आणि वाफ जोरात भट्टीत घुसे. ड्रायव्हरला तिचा फूत्कार ऐकू येई आणि आगही मंदावे. पुढच्या साऱ्या दिव्यांचे तत्त्व या बुचात आहे: माणसाचे लक्ष उडणार हे गृहीत धरायचे आणि यंत्रालाच बोलते करायचे. बूच मात्र बोलून थांबत नसे, स्वतः कृतीही करी. मोटारीच्या दिव्याने त्यातला बोलण्याचा वाटा घेतला आणि कृती ड्रायव्हरवर सोडली. इथपासून घोटाळ्याला सुरुवात झाली.

मोटारीच्या पहिल्या काळात तर बोलणेही नव्हते. १९०८ साली आलेल्या फोर्ड मॉडेल टीमध्ये तेलाचा दाब दाखवणारे काहीच नव्हते. तेल किती उरले हे पाहायला गाडीखाली वाकून इंजिनाच्या तळाजवळच्या दोन तोट्या उघडाव्या लागत. वरच्या तोटीतून तेल आले तर चिंता नाही. खालच्या तोटीतूनही आले नाही तर गाडी हलवायची नाही. १९१२ च्या सुमारास अमेरिकेत हॅरिसन बॉइस यांचा मोटोमीटर आला. हा तापमापक रेडिएटरच्या झाकणातच बसे आणि ड्रायव्हर समोरच्या काचेतून, बॉनेटच्या टोकाला तो वाची. मग एकेक मोजमाप आत फळीवर आले: तेलाच्या दाबाचा काटा, पाण्याच्या तापाचा काटा, वीज भरते आहे की उतरते आहे हे सांगणारा अँमीटर. १९३० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेच्या हडसन कंपनीने आपल्या गाड्यांतून तेलाचा आणि डायनॅमोचा काटा काढून टाकला आणि त्या जागी लाल दिवे लावले. शौकिनांनी नाक मुरडले आणि या दिव्यांना ‘इडियट लाइट’ म्हणजे मूर्खांचे दिवे असे नाव पाडले. ते नाव अजून टिकून आहे.

त्या हिणवण्यात एक खरा आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. काटा हळूहळू सरकतो, म्हणून सावध माणसाला संकट यायच्या आधी त्याची चाहूल लागते. दिवा लागतो तेव्हा संकट घरात शिरलेले असते. हे बरोबर आहे. पण काटा वाचायला वाचणारा लागतो. गाडी चालवणे हा पगारी, शिकलेल्या ड्रायव्हरचा धंदा होता तोवर काटे शोभले. घरोघरी गाडी आल्यावर रस्त्यावरची नजर काढून दर मिनिटाला चार काटे कोण बघणार? शिवाय काट्यांनीही पुढे सोंग घेतले. आजच्या पुष्कळ गाड्यांत तापमानाचा काटा मोठ्या पट्ट्यात मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो, कारण तो थोडा हलला तरी गिऱ्हाईक तक्रार घेऊन येते. अमेरिकेत तर अशा गाड्या विकल्या गेल्या की ज्यांच्या तेलदाबाच्या काट्यामागे साधा चालू-बंदचा स्विच होता; काट्याच्या वेषातला दिवाच तो. आणि जुन्या ड्रायव्हरला इंजिनाच्या आवाजावरून सगळे कळे, हे आपल्याकडचे लाडके म्हणणे. कळे खरे, पण तेल नसलेल्या इंजिनाची ठोक ऐकू येते तेव्हा बेअरिंग खरवडले गेलेले असते. कान मोठा जाणकार असला तरी तो झालेली हानी ऐकतो.

या जुन्या घराण्यातले चार दिवे खरे मोठे: तेल, चार्जिंग, ताप आणि ब्रेक. तेलाच्या दिव्याबद्दलचा गैरसमज सर्वांत महागात पडतो. तेलाच्या वाटेवर एक छोटा स्विच असतो, त्यात एक पडदा आणि एक स्प्रिंग. इंजिन चालू झाले की तेलाचा दाब पडद्याला ढकलतो, जोड सुटतो, दिवा विझतो. दाब गेला की स्प्रिंग जोड पुन्हा मिळवते आणि दिवा लागतो. म्हणजे हा दिवा तेल किती आहे हे सांगत नाही, तेलाला दाब उरला नाही हे सांगतो. क्रँकशाफ्ट आपल्या बेअरिंगमध्ये तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. मिनिटाला ३००० फेरे म्हणजे सेकंदाला ५०. तो थर गेल्यावर पुढच्या गावच्या गॅरेजपर्यंत जाऊ म्हणणे म्हणजे लोखंडावर लोखंड हजारो वेळा घासणे. तेव्हा गाडी शांतपणे डावीकडे घ्यायची, थांबली की लगेच इंजिन बंद करायचे. धावत्या गाडीत आधीच किल्ली फिरवायची नाही, कारण इंजिन बंद पडले की स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकची मदतही थोड्या दाबांत संपते. मग डिपस्टिक पाहायची. तेल कमी असेल तर भरून दिवा विझतो का हे पाहता येते. तेल पुरेसे असूनही दिवा लागला असेल तर ती गाडी ओढूनच न्यायची.

चार्जिंगच्या दिव्याची रचना मला या सगळ्यांत देखणी वाटते. जुन्या पद्धतीत हा दिवा बॅटरी आणि डायनॅमो यांच्या मधोमध जोडलेला असे. डायनॅमो थंड असताना बॅटरीकडून त्याच्याकडे वीज वाहते, म्हणून दिवा लागतो. डायनॅमो वीज देऊ लागला की दोन्ही बाजू सारख्या होतात आणि कुणी न विझवता दिवा विझतो. पुढे अल्टरनेटर आले तेव्हा पुष्कळ गाड्यांत त्याला जागे करणारी पहिली वीज याच दिव्यातून जाई, त्यामुळे बल्ब उडाला तर अल्टरनेटर चार्ज करायला कुरकुर करी. इशारा देणाराच कामाचा भाग होता. हा दिवा एकटा लागला तर दिवसाउजेडी एसी आणि पंखा बंद करून बॅटरीच्या जोरावर काही अंतर कापता येते. पण ज्या गाड्यांत अल्टरनेटरचा पट्टाच पाण्याचा पंपही फिरवतो, त्यांत पट्टा तुटला की हा दिवा आधी लागतो आणि तापाचा दिवा थोड्या वेळाने. अकोल्याहून वाशिमला येताना पातूरच्या घाटात, मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना, तो थोडा वेळ फारच थोडा असतो. तापाच्या लाल दिव्यावर गाडी थांबवायची आणि रेडिएटरचे झाकण उघडायचा मोह आवरायचा. झाकणामुळे आतल्या पाण्यावर दाब असतो, म्हणून ते शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केले की क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. (तापाच्या चिन्हाचा निळा दिवा मात्र कित्येक गाड्यांत सकाळी लागतो, इंजिन अजून गार आहे एवढेच तो सांगतो, त्याला भिऊ नये.) ब्रेकच्या दिव्याची जन्मकथा छोटी आहे. ब्रेक तेलाची एकच नळी फुटली तर सगळे ब्रेक जात, म्हणून १९६० च्या दशकात गाड्यांत दोन स्वतंत्र वाटा आल्या. मग नवी अडचण: एक वाट गेली तरी दुसरीवर गाडी थांबते, ड्रायव्हरला पत्ताच लागत नाही, आणि दुसरीही जाईपर्यंत तो निर्धास्त असतो. ही निर्धास्ती मोडायला लाल दिवा सक्तीचा झाला. हँडब्रेक पूर्ण खाली असूनही तो लागत असेल तर पुढचा प्रवास रद्द.

लालच का, याचे उत्तर पुन्हा रेल्वेकडे जाते. १८४१ मध्ये बर्मिंगहॅमला इंग्लंडच्या रेल्वे कंपन्यांची बैठक झाली, तिने लाल म्हणजे धोका, हिरवा म्हणजे सावध आणि पांढरा म्हणजे वाट मोकळी असे ठरवले. पांढरा पुढे बाद झाला, कारण गावातला कुठलाही दिवा वाट मोकळी असल्याचा भास देई; हिरव्याला मोकळ्या वाटेचे काम मिळाले आणि सावधगिरीसाठी पिवळा आला. अकोला-पूर्णा मार्गावर वाशिम स्टेशनात सिग्नल बघत उभ्या राहिलेल्या माणसाला ही लिपी शिकवावी लागत नाही. मोटारीने ती जशीच्या तशी उचलली: लाल म्हणजे थांब, पिवळा म्हणजे बघून घे, हिरवा आणि निळा म्हणजे अमुक चालू आहे. रंग एका लिपीतले असले तरी पिवळ्या इंजिनाच्या दिव्याचे कूळ मात्र अगदी निराळे आहे.

ते सुरू होते लॉस एंजेलिसमध्ये. १९४३ च्या जुलैत त्या शहरावर असा दाट, डोळे झोंबणारा धूर उतरला, की युद्धाच्या दिवसांत लोकांना तो शत्रूचा वायुहल्ला वाटला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट यांनी दाखवले, की मोटारींच्या धुरातले न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडून हे धुके तयार होते. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ स्थापले आणि हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७५ पासून अमेरिकी गाड्यांच्या धुराड्यात धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला, त्यापाठोपाठ इंधन मोजून देणारा संगणक. पण नवी गाडी स्वच्छ असून भागत नाही. पाच वर्षांनी तिचा एखादा सेन्सर मेला तर गाडी पूर्वीसारखीच पळते आणि धूर मात्र कित्येक पटींनी वाढतो. मालकाला काहीच जाणवत नाही, म्हणून तो दुरुस्तीही करत नाही. तेव्हा मंडळाने १९८५ मध्ये नियम केला, की १९८८ पासूनच्या गाड्यांनी स्वतःची तपासणी स्वतः करावी आणि दोष सापडला की दिवा लावावा. १९९६ पासून सगळ्या अमेरिकेत त्याची सुधारलेली आवृत्ती सक्तीची झाली. पिवळ्या इंजिनाचा जन्म हा असा आहे. जे ड्रायव्हरला ऐकू येत नाही, दिसत नाही आणि ज्याचा त्याला लगेच त्रासही नाही, ते त्याच्या नजरेस आणण्यासाठी.

भारतात हे घराणे २०१० मध्ये भारत स्टेज ४ या धुराच्या नियमांबरोबर आले, तेही मुंबई, पुणे, सोलापूर धरून मोजक्या शहरांत. वाशिमसारख्या जिल्ह्यांना ते १ एप्रिल २०१७ पासून, देशभर स्टेज ४ लागू झाल्यावर, कायद्याने मिळाले. काही गाड्यांत त्याआधीही हा दिवा होता, पण मागे सक्ती नव्हती. आता जन्म कळल्यावर वागणेही ठरते. दिवा स्थिर पिवळा आहे, गाडी नेहमीसारखी ओढते आहे आणि शेजारी लाल काही नाही, तर रस्त्यात थांबण्याचे कारण नाही. मुक्कामी जावे आणि दोन-चार दिवसांत स्कॅनर लावून घ्यावा. तोच दिवा उघडझाप करू लागला तर अर्थ वेगळा. एखाद्या सिलिंडरमध्ये स्फोट नीट होत नाही आणि कच्चे पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटते आहे. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे धातू असतात, त्यामुळे तो वितळला तर खर्च डोळ्यांत पाणी आणतो. वेग उतरवून जवळचे गॅरेज गाठणे हेच तेव्हा शहाणपणाचे.

यावर सगळीकडे ऐकू येणारा आक्षेप असा, की हा दिवा म्हणजे गिऱ्हाइकाला शोरूमकडे ओढायची कंपन्यांची युक्ती आहे. इतिहास बरोबर उलटा आहे. सुरुवातीच्या दिव्यांबाबत ही शंका रास्त होती. प्रत्येक कंपनीचे कोड वेगळे, वाचायची रीत वेगळी, कुठे तर वायर जोडून दिव्याची उघडझाप मोजत बसायचे. १९९६ च्या नियमाने हे मोडले. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा एकाच आकाराचा सॉकेट आणि मुख्य दोषांचे सर्व कंपन्यांना सारखे कोड त्याने बंधनकारक केले. आज रिसोडचा किंवा मानोऱ्याचा मिस्त्री बाजारातला साधा स्कॅनर लावून कुठल्याही कंपनीच्या गाडीचा कोड वाचू शकतो, तो याच नियमामुळे. कंपनीवर अविश्वास असेल तर या दिव्याची बाजू घ्यायला हवी. बॅटरीचे टर्मिनल काढून परत लावायचे आणि दिवा घालवायचा, हा आपल्याकडचा लोकप्रिय उपाय मात्र आत्मघातकी आहे. कोडबरोबर त्या क्षणाचा वेग, ताप, इंजिनाचे फेरे यांची जी नोंद संगणकाने जपलेली असते तीही पुसली जाते, आणि मिस्त्रीला अंदाजाने सुटे भाग बदलत बसावे लागते. सगळा दोष मालकाचाही नाही. कॅलिफोर्नियात हा दिवा लागलेली गाडी धुराच्या तपासणीत नापास होते. आपल्या पीयूसीत नळी धुराड्याला लागते, सोळा पिनांच्या सॉकेटला कोणी विचारत नाही. दिवा आणि तपासणी ही जोडी म्हणून जन्मली होती. आपण त्यातला दिवा तेवढा आणला.

टायरच्या हवेचा पिवळा दिवा, एबीएसचा, एअरबॅगचा, ही अपघातांतून आणि त्यानंतरच्या कायद्यांतून आलेली पाहुणी मंडळी. टायरच्या दिव्यामागे २००० साली अमेरिकेत फायरस्टोन टायर फुटून झालेल्या अपघातांचे प्रकरण आहे, आणि समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर १२० च्या वेगाने जाणाऱ्याला त्याचे मोल वेगळे सांगायला नको. पिवळ्या घराण्याची खरी ताजी शाखा २०२० च्या भारत स्टेज ६ ने आली, आणि तिने कृतीचे नियमच फिरवले. डिझेल गाडीच्या काजळी-गाळणीचा दिवा लागला की थांबणे हेच चुकीचे. गाळणीतली काजळी जाळायला धुराडे बराच वेळ तापलेले राहावे लागते, म्हणून पुस्तिका सांगते की गाडी ठरावीक वेगाने काही काळ सलग चालवा. मंगरूळपीरच्या आसपास गाव ते तालुका अशा छोट्या, संथ खेपा करणाऱ्या गाडीला हा दिवा वारंवार भेटतो, आणि समृद्धीवरची एक सलग फेरी पुष्कळदा त्याचे औषध ठरते. मोठ्या मालट्रकांत दुसरा दिवा आहे, ज्याला ड्रायव्हर ‘युरियाचा’ म्हणतात. हा युरिया म्हणजे धूर स्वच्छ करायला वापरायचे, शुद्ध पाण्यातले ३२.५ टक्क्यांचे द्रावण. सोयाबीन-तुरीच्या वाशिम जिल्ह्यात कृषी केंद्रातले पोते स्वस्त दिसते, पण २०१५ पासून खताचा सगळा युरिया कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो. तो टाकीत विरघळवला तर धुराड्यातली महागडी यंत्रणा बिघडते. हा दिवा दुर्लक्षित राहिला आणि द्रावण संपले, तर गाडी स्वतःच आपली ताकद कमी करते. म्हणजे दोनशे वर्षांनी ट्रेव्हिथिकचे बूच परत आले. इशारा देऊन झाल्यावर आता यंत्र पुन्हा स्वतः कृती करू लागले आहे, फक्त या वेळी बॉयलर वाचवण्यासाठी नाही, तर हवेसाठी.

या दोन घराण्यांची वाटणी जिल्ह्यात सारखी झालेली नाही. ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागले, पण शिवारात पेरणीला फिरणारे बहुतेक ट्रॅक्टर त्या खालचे आहेत. त्यांच्या मीटरवर तेलाचा आणि चार्जिंगचा लाल दिवा आहे, पिवळे इंजिन नाही. मोटारसायकलींचे नेमके उलटे. २०२० च्या एप्रिलपासून विकल्या गेलेल्या प्रत्येक नव्या मोटारसायकलवर पिवळा इंजिन-दिवा कायद्याने आला, आणि जिल्ह्यात सर्वाधिक वाहने दुचाकीच असल्याने पिवळ्या घराण्याची मोठी वस्तीही तिथेच आहे. पण शंभर-सव्वाशे सीसीच्या बहुतेक गाड्यांवर तेलाच्या दाबाचा लाल दिवा आजही नाही. धुराचा दोष त्या गाड्या लगेच सांगतात. इंजिनातले तेल संपत आले आहे हे पाहायला मालकाला गाडी सरळ उभी करून डिपस्टिक काढून पुसावीच लागते.